खेळ आणि नीती : लेखांक सातवा — झुंज थांबवण्याचा अधिकार कोणाचा?

गेल्या लेखांकात आपण बैलगाडा शर्यतींचा विचार केला. २०१४ च्या बंदीनंतर राज्यांनी केलेल्या कायदेदुरुस्त्या सर्वोच्च न्यायालयाने १८ मे २०२३ रोजी ग्राह्य ठरवल्या, तरी बैलाची संमती कोणी आणि कशी घ्यावी हा प्रश्न शिल्लकच राहतो, असे तेथे म्हटले होते. त्यावर कर्जत स्थानकाला लागून असलेल्या भिसेगावातून एका निवृत्त रेल्वे-कर्मचारी वाचकांचे पत्र आले आहे. बैलाला विचारता येत नाही हे त्यांना मान्य आहे. परंतु ज्यांना विचारता येते, आणि जे स्वखुशीने ‘हो’ म्हणून जाळीच्या पिंजऱ्यात उतरतात, एकमेकांना लाथाबुक्क्यांनी तुडवतात, गळा आवळतात, त्यांच्या त्या कृत्याला खेळ म्हणावे की मारामारी, असे त्यांनी विचारले आहे. त्यांचा नातू ही ‘एमएमए’ नावाची मिश्र मल्लविद्या शिकण्यासाठी लोकलने कल्याणला जाऊ लागला आहे. तेव्हा हा प्रश्न त्यांच्यापुरता केवळ तात्त्विक राहिलेला नाही. अनेक घरांतून आज तो विचारला जात असल्यामुळे नियोजित विषय पुढे ढकलून हा लेखांक त्यालाच देत आहे.

संमती असली म्हणजे सर्व काही क्षम्य होते, असे आपला कायदा मानीत नाही, आणि येथूनच आरंभ केलेला बरा. मेकॉलेच्या मसुद्यावरून १८६० साली सिद्ध झालेल्या दंडसंहितेच्या कलम ८७ मध्ये, जे आता भारतीय न्याय संहितेचे कलम २५ झाले आहे, एक उदाहरण दिलेले आहे : दोन व्यक्ती करमणुकीसाठी पट्ट्याचे हात करण्याचे ठरवतात, खेळ न्यायाने खेळला जात असता एकाला इजा झाली, तर दुसऱ्याचा अपराध होत नाही. परंतु या सवलतीला तीन कुंपणे आहेत. संमती देणारा अठरा वर्षांवरील हवा. खेळात दगाफटका नसावा. आणि त्या कृत्याने मृत्यू किंवा जबर दुखापत व्हावी असा हेतू तर नसावाच, पण तसे होणे संभवनीय आहे अशी जाणीवही नसावी. हाड किंवा दात मोडणे ही कायद्याच्या व्याख्येने जबर दुखापतच होय. म्हणजे नियम, पंच आणि वैद्य ही झुंजीच्या भोवतीची शोभा नव्हे. जबर दुखापतीची संभाव्यता ज्यांच्या योगाने कमी होते ती ही साधने काढून घेतली, तर संमतीचा कागद कितीही सही-शिक्क्यानिशी असला तरी तो फौजदारापुढे टिकणार नाही. इंग्लंडच्या न्यायालयाने १८८२ च्या कोनी खटल्यात हेच सांगितले होते. पैजेवर चालणारी उघड्या मुठींची झुंज बेकायदा आहे, आणि लढणाऱ्यांच्या परस्पर संमतीने ती कायदेशीर होत नाही, असा तो निर्णय. त्या खटल्यात आरोपी म्हणून उभे केलेल्यांत नुसते पाहत राहिलेले लोकही होते, ही गोष्ट मला विशेष विचारार्ह वाटते.

कारण झुंजीचे स्वरूप ठरवताना आपण नेहमी लढणाऱ्या दोघांकडे पाहतो, आणि तिसऱ्याकडे, म्हणजे ती थांबवणाऱ्याकडे, पाहावयाचे विसरतो. आपल्या मराठी राज्यांच्या इतिहासातच याचा एक भयंकर दाखला आहे. फ्रेंच प्रवासी लुई रूसले हा १८६४ च्या सुमारास बडोद्यास खंडेराव गायकवाडांच्या दरबारी होता, आणि त्याने ‘नखी की कुस्ती’ प्रत्यक्ष पाहून तिचे वर्णन लिहून ठेवले आहे. भांगेच्या अमलाखाली असलेले दोन मल्ल, बंद मुठीवर वादीने बांधलेली शिंगाची नखे, आणि त्या नखांनी एकमेकांच्या मस्तकावर व छातीवर ओढलेले ओरखडे, असे ते दृश्य होते. ही नखे पूर्वी पोलादाची असत आणि मग मल्ल जिवंत परतणे विरळा, असेही तो नमूद करतो. पोलादाच्या जागी शिंग आले ही सुधारणाच म्हणावयाची, परंतु झुंज राजाच्या रंजनासाठी होती, आणि राजाचे रंजन हा काही जखमेचे माप पाहणारा पंच नव्हे. ज्येष्ठीमल्लांची ही वज्रमुष्टी विद्या प्राचीन आणि तिचे साधक शूर होते, याबद्दल मला आदरच आहे. तरी त्या दरबारातील ते दृश्य मी खेळ म्हणून स्वीकारू शकत नाही. तीच वज्रमुष्टी म्हैसूरच्या दसऱ्यात आजही होते, आणि तेथे रक्ताचा पहिला थेंब दिसताच लढत संपते. शस्त्र तेच आणि परंपराही तीच, पण थांबण्याची मर्यादा अगोदर ठरलेली आहे. एवढ्या एका गोष्टीने त्या विधीचा सारा अर्थ पालटतो.

कोल्हापूरच्या खासबाग मैदानाची हकीकत याला जोडून सांगण्याजोगी आहे. राजर्षी शाहू छत्रपती १९०२ साली विलायतेस गेले असता त्यांनी रोमचे कलोसियम पाहिले, आणि तसे मैदान आपल्या पैलवानांसाठी असावे या इच्छेतून १९१२ साली खासबाग उभे राहिले. परंतु महाराजांनी रोमकडून घेतली ती केवळ रचना : मध्यभागी हौदा, आणि सभोवार चढत गेलेली बैठक, जेणेकरून शेवटच्या माणसालाही डाव दिसावा. पडलेल्याचे काय करायचे हे तेथील प्रेक्षकांनी ठरवण्याची जी रोमन रीत होती, ती त्यांनी आणली नाही, आणि आणण्याची गरजही नव्हती. कारण कुस्तीत पाठ मातीला लागली, की पुढे ठरवण्यासारखे काही उरतच नाही. हलगी थांबते, चितपट झालेला पैलवान उठतो, आणि जिंकणारा त्याच्या अंगावरची माती झटकतो. कर्जत-खालापुरातल्या जत्रांच्या लहानशा फडातही हाच शिरस्ता आहे. शिवाय फडात कुस्ती लागण्याआधी वस्ताद मंडळी ‘जोड लावतात’. वय, अंगकाठी, तालीम किती झाली, मागच्या हंगामात कोणाशी लढला, हे सारे पाहून तोलामोलाचा प्रतिस्पर्धी ठरवतात, आणि जोड विषम वाटली तर लोकांनी कितीही आरडाओरडा केला तरी ती लावीत नाहीत. वजनगटाची छापील कोष्टके येण्यापूर्वी आमच्या मातीत हे काम अनुभवी डोळ्यांनी होत असे, आणि मला ते कोणत्याही कोष्टकाइतकेच शास्त्रीय वाटते.

आता मिश्र मल्लविद्येकडे येऊ. १२ नोव्हेंबर १९९३ रोजी अमेरिकेतील डेन्व्हर येथे ‘यूएफसी’चा पहिला कार्यक्रम झाला, तेव्हा वजनगट नव्हते, वेळेचे बंधन नव्हते, गुण देणारे परीक्षक नव्हते, चावू नये आणि डोळ्यांत बोटे घालू नयेत, एवढाच काय तो निषेध होता. पहिल्याच झुंजीत खाली आलेल्या एका अजस्र सुमो मल्लाच्या तोंडावर लाथ बसून त्याचा दात उडाला, पंचाने झुंज मध्येच थांबवली, आणि असा अधिकार पंचाला आहे काय यावरच वाद माजला! पुढे तिसऱ्या कार्यक्रमापासून हा अधिकार पंचाला रीतसर देण्यात आला. सेनेटर जॉन मॅकेन यांनी या प्रकाराला माणसांची कोंबडझुंज म्हटले आणि १९९६ साली सर्व राज्यांच्या गव्हर्नरांना बंदीसाठी पत्रे पाठवली. त्यांचा तो कठोर शब्द त्या वेळच्या स्वरूपास अगदी यथार्थ होता, असे माझे मत आहे. परंतु त्या टीकेच्या दडपणाखालीच नियमावली घडत गेली. २००० च्या सुमारास न्यू जर्सीच्या नियामक मंडळाने तिला आकार दिला. पाच मिनिटांच्या तीन फेऱ्या आणि अजिंक्यपदासाठी पाच, वजनगट, हातमोजे, वैद्यकीय तपासणी हे सारे आले. मानेच्या मागे, कण्यावर, घशावर आणि जांघेत प्रहार, पडलेल्याच्या डोक्यावर लाथ, बोटे पिरगाळणे, केस ओढणे, अशी निषिद्ध कृत्यांची भली मोठी यादी तयार झाली. न्यूयॉर्क राज्याने मात्र १९९७ ची आपली बंदी २०१६ पर्यंत उठवली नाही.

या नियमावलीतील सर्वांत महत्त्वाचे कलम माझ्या मते निषेधांचे नव्हे, समाप्तीचे आहे. सापडलेल्या मल्लाने प्रतिस्पर्ध्याच्या अंगावर किंवा जमिनीवर हाताने थापटले, की त्या क्षणी झुंज संपते. आणि तो विचारपूर्वक बचाव करीत नाही असे दिसले, की त्याने न सांगताही ती संपवणे हे पंचाचे कर्तव्य ठरते. मुंबईचा भरत खंडारे हा मूळचा कुस्तीगीर. यूएफसीशी करार झालेला तो पहिला भारतीय. २५ नोव्हेंबर २०१७ रोजी शांघाय येथे चीनच्या सोंग यादोंगने त्याला पहिल्याच फेरीत गळ्याच्या डावात धरले आणि झुंज तेथेच संपली. पराभव झाला खरा, पण गळ्याचा डाव सुटताच काही क्षणांत माणूस शुद्धीवर व सावध असतो. मानेच्या दोन्ही बाजूंच्या रक्तवाहिन्यांवर दाब पडून येणारी गुंगी, डाव वेळीच सोडला तर, सहसा मागे काही ठेवीत नाही. पाहणाऱ्याला जे सर्वांत क्रूर वाटते ते बहुधा सर्वांत घातक नसते. खरा घातक आहे तो मस्तकावर पुनःपुन्हा बसणारा ठोसा, कवटीच्या आत मेंदू हादरवणारा, ज्याचे परिणाम मुष्टियोद्ध्यांत हॅरिसन मार्टलंड या वैद्याने १९२८ सालीच वर्णिले होते. कॅनडातील अल्बर्टा विद्यापीठाच्या अभ्यासात मिश्र मल्लविद्येत एकंदर जखमा अधिक आढळल्या, पण बेशुद्धीचे प्रमाण मुष्टियुद्धात जास्त निघाले. मुष्टियुद्धात कोसळलेल्याला आकडे मोजून पुन्हा उभे करतात आणि त्याच मेंदूवर पुन्हा ठोसे पडतात, हे त्याचे एक कारण असावे. जे मुष्टियुद्ध आपण ऑलिंपिकमध्ये टाळ्या वाजवून पाहतो, त्याला मोकळीक आणि मिश्र मल्लविद्येला मात्र धिक्कार, हा न्याय मला पटत नाही.

तरीही एका गोष्टीशी माझे मन अद्याप समेट करू शकलेले नाही, आणि ते लपवणे वाचकांशी प्रामाणिकपणाचे होणार नाही. पडलेल्याच्या छातीवर बसून त्याच्या तोंडावर मुठी चालवणे नियमांत बसते. आमच्या तालमीत खाली गेलेल्या पैलवानाला घिस्सा, लपेट, मोळी, वाटेल तो डाव मारता येतो, पण त्याच्या अंगावर हात उगारता येत नाही. तसे कोणी केले तर वस्ताद त्याला हौद्याबाहेर काढील. पंच शेजारीच असतो आणि दोन-चार ठोश्यांत झुंज थांबवतो, हे उत्तर मला माहीत आहे, आणि प्रौढ, व्यावसायिक मल्लांपुरते ते मी मान्यही करीन. परंतु नवशिक्या आणि हौशी मुलांच्या स्पर्धांतून मस्तकावरचे प्रहार पूर्णपणे वगळले पाहिजेत, या मागणीवर तडजोड नसावी.

म्हणून माझे उत्तर असे की, नियमांनी बांधलेली आणि ते नियम खरोखर पाळले जात असलेली मिश्र मल्लविद्या हा खेळच आहे, कुस्तीचा आणि मुष्टियुद्धाचा सख्खा भाऊबंद आहे. २०२६ च्या नागोया आशियाई क्रीडास्पर्धांत तिला स्थान देण्याचे ठरले त्यात मला काही अनुचित दिसत नाही. परंतु हा खेळपणा त्या विद्येच्या अंगचा नसून व्यवस्थेने तिला दिलेला असल्यामुळे, व्यवस्था गेली की तोही जातो. ११ मार्च २०१२ रोजी मुंबईत अंधेरीच्या क्रीडासंकुलात ‘सुपर फाइट लीग’चा पहिला कार्यक्रम झाला, तेव्हापासून या झुंजींचे आकर्षण आपल्याकडे शहरांतून गावांकडे सरकत आहे, आणि त्यामागोमाग व्यवस्था मात्र सरकलेली नाही. जुलै २०२२ मध्ये बंगळूरु येथे एका किकबॉक्सिंग सामन्यात ठोसा लागून कोसळलेला म्हैसूरचा तेवीस वर्षांचा तरुण पुढे दोन-तीन दिवसांत दगावला. वैद्यकीय व्यवस्था अपुरी होती अशी फिर्याद झाली आणि आयोजकांवर गुन्हा नोंदवला गेला. तो प्रकार मिश्र मल्लविद्येचा नव्हता, पण धोक्याचे स्वरूप तेच आहे.

तेव्हा भिसेगावच्या वाचकांनी नातवाला अडवू नये, मात्र त्याच्या प्रशिक्षकाला भेटून काही गोष्टी स्पष्ट विचाराव्यात. सरावात डोक्यावर ठोसे किती आणि कोणत्या वजनाच्या मुलांबरोबर चालतात; थापटल्यावर हात तत्काळ सुटतो की जोडीदार आणखी क्षणभर ताणून धरतो; डोक्याला मार लागलेल्या मुलाला सरावापासून किती दिवस दूर ठेवतात आणि ते कोण ठरवते. शेवटच्या प्रश्नाला जो प्रशिक्षक हसून उत्तर देईल, त्याच्याकडून मुलाला काढून घ्यावे. आणि आपल्या तालुक्यात कोणी असा सामना भरवू पाहील, तेव्हा मनोरंजनाच्या परवान्याचा अर्ज पोलीस कचेरीत येईलच. त्या अर्जावर मैदानाचे भाडे आणि ध्वनिक्षेपकाची वेळ यांच्याबरोबरच झुंज थांबवण्याचा अंतिम अधिकार कोणत्या डॉक्टरकडे आहे, त्यांचे नाव आणि सही मागावी. आणि रुग्णवाहिका मैदानावर हजर असल्याखेरीज पहिली जोड लावू देऊ नये. मेंदूत रक्तस्राव झालेल्या जखमीला शस्त्रक्रियेसाठी कर्जतहून पनवेल, कल्याण किंवा नवी मुंबईकडे हलवावे लागते, आणि त्या रस्त्यावरचे प्रत्येक मिनिट मोजावे लागते.

पुढील लेखांकात : दहीहंडीचे थर आणि बालगोविंदांचे वय.