थीम पार्कचा वर्षाचा पास : पैसे वसूल होतात की नुसतं तसं वाटतं?

ऑगस्ट २०२१. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या डिस्नेलँडने 'मॅजिक की' नावाचे नवे वार्षिक पास विकायला काढले. कोरोनामुळे मार्च २०२० ते एप्रिल २०२१ हे पार्क बंद होतं. मधल्या काळात कंपनीने जुनी पास योजनाच गुंडाळली होती आणि पासधारकांना उरलेल्या दिवसांचे पैसे परत केले होते. त्यामुळे नव्या पासवर उड्या पडणार हे उघड होतं.

चार प्रकार होते. सगळ्यात स्वस्त पास ३९९ डॉलरचा, तोही फक्त दक्षिण कॅलिफोर्नियात राहणाऱ्यांसाठी. सगळ्यात महाग 'ड्रीम की', किंमत १,३९९ डॉलर. तेव्हाच्या दराने एक लाख रुपयांच्या वर. एवढे पैसे लोकांनी का मोजले? कारण या पासवर 'ब्लॉकआउट' तारखा नव्हत्या. म्हणजे स्वस्त पास गर्दीच्या दिवशी चालत नाहीत, तसं याचं नाही. नाताळ असो की रविवार, हा पास चालणार.

फक्त एक अट होती. जायच्या आधी ऑनलाइन आरक्षण करायचं. आणि घोळ तिथेच झाला.

एका पासधारक महिलेने नोव्हेंबरमधल्या तारखा बघितल्या. तिच्या म्हणण्यानुसार शनिवार-रविवार आणि इतरही काही दिवस 'फुल' दिसत होते. पण त्याच दिवसांची रोजची तिकिटं मात्र कंपनी विकतच होती! म्हणजे पार्क भरलं नव्हतं, पासवाल्यांचा कोटा भरला होता. ती कोर्टात गेली. कंपनीने शेवटपर्यंत चूक मान्य केली नाही, पण २०२३ मध्ये ९५ लाख डॉलर देऊन प्रकरण मिटवायचं ठरलं. एक लाखाहून जास्त पासधारक या दाव्यात मोडत होते. वकिलांची फी वगैरे वजा जाता प्रत्येकाच्या वाट्याला आले साधारण ६७ डॉलर. पासच्या किमतीच्या पाच टक्केही नाहीत.

आता खोपोलीच्या इमॅजिकाला जाणाऱ्या ठाण्याच्या किंवा पुण्याच्या कुटुंबाचा याच्याशी काय संबंध? पार्क कुठलंही असो, वार्षिक पासची जाहिरात एकच प्रश्न विचारते : 'किती वेळा आलात की पैसे वसूल?' आणि तो प्रश्न अर्धवट आहे.

'पैसे वसूल' आकडा एक नसतो

आधी सोपा हिशोब करू. पासची किंमत भागिले एका दिवसाचं तिकीट. जे उत्तर येईल, तितक्या फेऱ्यांनंतर पास फायद्यात.

डिस्नेलँडचंच घ्या. ऑक्टोबर २०२१ मध्ये दर वाढल्यावर तिथलं एका दिवसाचं, एका पार्कचं तिकीट दिवस बघून १०४ ते १६४ डॉलर होतं. शाळा चालू असताना मंगळवारी जा, स्वस्त. सुट्टीच्या हंगामात जा, महाग. आता १,३९९ ला १०४ ने भागलं तर पास वसूल व्हायला १४ फेऱ्या लागतात. १६४ ने भागलं तर ९ फेऱ्यांत काम होतं. पास तोच, किंमत तीच, फरक पाच फेऱ्यांचा! (पासमध्ये पार्किंग आणि खाण्यावर सवलत होती, त्यामुळे आकडा थोडा खाली येतो. पण खाण्यावर १५ टक्के सूट मिळते म्हणून लोक खातात जास्त, हेही तितकंच खरं.)

म्हणजे पासचा खरा फायदा महागड्या दिवशी जाणाऱ्याला होतो. आणि कंपनीला पासवाला नेमका त्याच दिवशी नको असतो, कारण त्या दिवशी पूर्ण पैसे भरून येणारी माणसं रांगेत उभी असतात. २०२२ मध्ये डिस्नेने आपल्या आर्थिक अहवालात डिस्नेलँडबद्दल लिहिलं की, तिथे येणाऱ्यांचं 'मिश्रण प्रतिकूल' होतं आणि त्यामुळे माणशी तिकीट उत्पन्नातल्या वाढीला काहीसा लगाम बसला. साध्या भाषेत, कमी पैसे देणारे जास्त आले. पासधारकांना हे शब्द इतके झोंबले की काहींनी ते टी-शर्टवर छापून घेतले आणि तेच घालून पार्कात फिरले.

ब्लॉकआउट, आरक्षण, कोटा या सगळ्याचं मूळ हे आहे. म्हणून पास घेण्याआधी किमतीच्याही आधी कॅलेंडर बघायचं. शाळेत जाणारी मुलं असलेल्या घराला वर्षातले कोणते दिवस मोकळे मिळतात? शनिवार-रविवार, दिवाळीची सुट्टी, नाताळ, मे महिना. पार्कच्या गर्दीचे दिवसही हेच. स्वस्त पासमधून आधी वगळले जातात तेही हेच. पासवर '२०० दिवस प्रवेश' लिहिलेलं असेल आणि त्यातले १६० दिवस मुलं शाळेत असतील, तर तो पास ४० दिवसांचा आहे. कॉलेजच्या पोरांचं किंवा ज्यांची साप्ताहिक सुट्टी बुधवारी असते अशांचं गणित बरोबर उलटं. त्यांच्यासाठी सगळ्यात स्वस्त पास हाच सगळ्यात भारी सौदा ठरू शकतो.

चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला

आता आपल्याकडचं उदाहरण. आकडे फक्त समजण्यासाठी आहेत, कारण खरे दर हंगाम आणि ऑफरप्रमाणे बदलत राहतात.

समजा चार जणांचं कुटुंब आहे. एका दिवसाचं तिकीट माणशी १,५०० रुपये, म्हणजे एका फेरीची तिकिटं ६,००० ची. वर्षाचा पास माणशी ४,०००, म्हणजे चौघांचे १६,०००. साधा हिशोब सांगतो की तिसऱ्या फेरीलाच पास वसूल. दोन सुट्ट्या आणि एक वाढदिवस, झालं की!

थांबा. पासने फक्त गेट उघडतं. पेट्रोल, टोल, दुपारचं जेवण (बाहेरचे डबे बहुतेक पार्कांत आत नेता येत नाहीत), लॉकर, संध्याकाळी हट्टाने घेतलेलं एखादं खेळणं. हा खर्च प्रत्येक फेरीला आहेच. तो धरू ३,००० रुपये.

पास नसता तर हे कुटुंब वर्षातून किती वेळा गेलं असतं? इमानदारीने सांगायचं तर एकदा. खर्च ९,०००. पास घेतल्यावर 'वसूल करायला' तीनदा गेलं, तर खर्च १६,००० अधिक ९,०००, म्हणजे २५,०००. दोन जास्तीच्या फेऱ्यांसाठी घरातून १६,००० रुपये जास्त गेले. एकेक फेरी ८,००० ला पडली, जी पासशिवाय ९,००० ला पडली असती. बचत झाली ती फेरीमागे हजार रुपयांची. तीही त्या दोन फेऱ्या मुळात हव्या होत्या असं धरलं तर.

आणि दोनदाच जाणं झालं तर? पाससकट २२,०००, पासशिवाय १८,०००. चार हजारांचा फटका.

हेच कुटुंब खोपोलीजवळ राहत असेल आणि एरवीही वर्षातून चार वेळा जात असेल, तर चित्र पालटतं. पासशिवाय ३६,०००, पाससकट २८,०००. सरळ आठ हजार वाचले. अशा घराने पास न घेणं हाच वेडेपणा. म्हणजे निर्णायक आकडा 'पास घेतल्यावर किती वेळा जाऊ' हा नाही. 'पास नसतानाही किती वेळा गेलो असतो' हा आहे.

तुलना करतानाही एक गफलत होते. पासच्या जाहिरातीत शेजारी गेटवरचा पूर्ण दर लिहिलेला असतो. पण गेटवर पूर्ण पैसे मोजतो कोण? आगाऊ ऑनलाइन बुकिंग, बँकेच्या कार्डावरची सूट, कंपनीच्या सहलीचा ग्रुप दर असं काही ना काही मिळतंच. वरच्या उदाहरणात तिकीट १,५०० ऐवजी १,१०० ला मिळत असेल, तर पास तिसऱ्या नाही, चौथ्या फेरीला वसूल होतो.

आपण स्वतःबद्दलच चुकतो

'आम्ही जाऊ की सहा वेळा' हे वाक्य खोटं नसतं. बोलताना ते मनापासूनच असतं. पण त्यावर पैसे लावायचे का, यावर एक मजेदार अभ्यास आहे. स्टेफानो डेला व्हिन्या आणि उलरिके मालमेंडिअर या अर्थतज्ज्ञांनी अमेरिकेतल्या तीन जिमच्या ७,७५२ सदस्यांच्या नोंदी तपासल्या. २००६ मध्ये तो निबंध प्रसिद्ध झाला. महिन्याला ७० डॉलरहून जास्त फी भरणारे सदस्य महिन्यातून सरासरी ४.३ वेळाच जिमला जात होते. एका फेरीला १७ डॉलरहून जास्त पडत होते. त्याच जिममध्ये दहा फेऱ्यांचं कूपन १०० डॉलरला, म्हणजे फेरीला १० डॉलरने मिळत होतं! निबंधाच्या नावाचाच अर्थ होता, 'जिमला न जाण्यासाठी पैसे भरणं'. जानेवारीत जिमची वर्षाची फी भरलेल्या कुणालाही हे वेगळं समजवायला नको.

बरं, एकदा पैसे भरले की ते वसूल करायला माणूस जाईलच, असं वाटतं ना? काही काळ जातो. हॅल आर्क्स आणि कॅथरिन ब्लूमर या मानसशास्त्रज्ञांनी १९८५ मध्ये ओहायो विद्यापीठाच्या नाट्यगृहातला एक प्रयोग मांडला. नाटकांच्या हंगामाचं तिकीट काही जणांना पूर्ण किमतीला आणि काहींना, न सांगता, सवलतीत दिलं. पूर्ण पैसे भरलेल्यांनी हंगामाच्या पहिल्या अर्ध्यात जास्त नाटकं बघितली. दुसऱ्या अर्ध्यात मात्र हा फरक ओसरला. पैसे गेल्याची बोचणी सहा महिन्यांत मावळली. थीम पार्कच्या पासचंही असंच होताना दिसतं : पहिल्या दोन महिन्यांत तीन फेऱ्या, मग पाऊस, मग परीक्षा, आणि पास संपायच्या आठवड्यात घाईघाईने एक शेवटची.

ती घाईची फेरी म्हणजे बुडत्याचा पाय खोलात. पास वाया जाऊ नये म्हणून रविवार आणि तीन हजार रुपये आणखी घालायचे, मुलं कंटाळलेली असली तरी. भरलेले पैसे तर गेलेच आहेत, फेरी मारली म्हणून ते परत येत नाहीत.

यावर उपाय म्हणून फोनची गॅलरी उघडा. गेल्या दोन वर्षांत थीम पार्क, वॉटर पार्क किंवा तत्सम ठिकाणचे फोटो किती वेगवेगळ्या तारखांचे आहेत ते मोजा आणि दोनने भागा. हा आकडा 'जाऊ की सहा वेळा'पेक्षा जास्त भरवशाचा आहे.

पैशापलीकडचं

एवढं सगळं वाचून पास म्हणजे फसवणूकच असं वाटत असेल, तर तसं नाही. ज्याच्याकडे पास आहे तो पार्क वेगळ्या पद्धतीने बघतो. दिवसाचं तिकीट काढलेलं कुटुंब सकाळी दहाला आत शिरतं आणि संध्याकाळपर्यंत एकही राइड सुटू नये म्हणून पळत राहतं. लहान पोर दुपारी तीनला रडायला लागतं, आई-बाबांचं भांडण होतं, पण बाहेर कुणी पडत नाही, कारण तिकिटाचे पैसे. पासवाला जेवून घरी जाऊ शकतो. तान्ह्या मुलांच्या किंवा आजी-आजोबांना घेऊन जाणाऱ्या घरांसाठी ही मोकळीक खरोखर मोलाची आहे. पण ही मोकळीक जवळ राहणाऱ्यालाच मिळते. दीड-दोन तास गाडी चालवून आलेला माणूस पास असला तरी संध्याकाळपर्यंत थांबतोच.

मुलांच्या उंचीचाही विचार करा. बऱ्याच राइड्सना उंचीची अट असते आणि अनेक पार्कांत मुलाचं तिकीटही वयावर नाही, उंचीवर ठरतं. मुलगा अटीपेक्षा बराच ठेंगणा असेल तर वर्षभर तो त्याच चार राइड्समध्ये बसणार. दोनच सेंटिमीटर कमी असेल तर दिवाळीपर्यंत त्याच्यासाठी अर्धं पार्क नव्याने उघडेल.

अटींमध्ये मोजकंच बघायचं आहे, पण ते पैसे भरण्याआधी. आरक्षण लागतं का, आणि पासवाल्यांसाठी वेगळा कोटा आहे का? डिस्नेलँडमध्ये ९० दिवसांत तीनदा आरक्षण करून गेलं नाही, तर ३० दिवस नवीन आरक्षण मिळत नाही, असा नियम होता. पास थीम पार्कचा आहे की वॉटर पार्कही त्यात आहे? वर्ष कधीपासून मोजणार, खरेदीच्या दिवसापासून की पहिल्या फेरीपासून? राइड बंद असेल, पार्कच बंद पडलं, तर काय? आणि हप्त्यावर घेत असाल तर मध्येच सोडता येतो का? 'महिन्याला फक्त इतके' वाचताना तो मोबाइलच्या रिचार्जसारखा वाटतो, प्रत्यक्षात बहुतेक वेळा तो वर्षभराचा करार असतो.

तारखांची खात्री करायला तर एक पैसाही लागत नाही. पार्कच्या वेबसाइटवर आरक्षणाचं कॅलेंडर खुलं असेल, तर पुढच्या महिन्यातला तुम्हाला हवा असलेला शनिवार पासवाल्यांसाठी उपलब्ध दिसतो का, ते बघून घ्या. ड्रीम की वाल्यांची अडचण नेमकी याच पानावर दिसली होती. त्या पासची जागा २०२२ मध्ये १,५९९ डॉलरच्या 'इन्स्पायर की'ने घेतली. किंमत २०० डॉलर जास्त, आणि नाताळचा आठवडा या वेळी सरळ ब्लॉकआउटमध्ये लिहून टाकलेला.

तरीही ठरत नसेल, तर आधी एक दिवसाचंच तिकीट काढा. काही पार्क त्या तिकिटाची रक्कम त्याच दिवशी पासच्या किमतीतून वजा करून देतात. सकाळी आत शिरताना काउंटरवर तेवढं विचारून ठेवा, आणि निर्णय संध्याकाळी पार्किंगकडे चालताना घ्या. पाय दुखत असतात, पाकिटात किती उरले ते माहीत असतं, आणि मुलांना 'परत यायचं का?' विचारलं की खरं उत्तर मिळतं.