सपाट मुलखातला चढ : औसा भागातल्या ग्रुप राइडविषयी ऐकीव आणि खरं

रविवारी पहाटे हेल्मेट घातलेली आठ-दहा माणसं औशाहून सायकलवर बाहेर पडली, की चहाच्या टपरीवरचा पहिला प्रश्न ठरलेला : "पेट्रोल परवडंना का?" दुसरा : "कितीला पडली?" तिसरा प्रश्न नसतोच, थेट सल्ला असतो : "गुडघे जातेत बघा." टपरीवरच्या या समजुतींनी कुणाचं फारसं बिघडत नाही. सायकल चालवणाऱ्यांच्या डोक्यातले गैरसमज मात्र महागात पडतात. म्हणून इथे दोन्ही घेतो, पण भर दुसऱ्यांवर.

"मराठवाडा सपाट आहे, इथं काय सायकल चालवायची!"

पुण्या-कोल्हापूरकडून येणारे नकाशात घाट दिसत नाही म्हणून पहिल्याच दिवशी शंभर किलोमीटरचा बेत आखतात. औसा आहे बालाघाटच्या पठारावर, आणि पठार म्हणजे परात नव्हे. तावरजा, तेरणा आणि त्यांना मिळणारे असंख्य ओढे या जमिनीला कापत गेलेत. रस्ता प्रत्येक ओढ्यापाशी उतरतो आणि पलीकडे चढतो. चढ एवढा लांबट आणि मंद असतो, की डोळ्यांना तो सपाटच वाटतो. मांड्या मात्र भरून येतात आणि माणूस सायकलला दोष देतो. औशाचा भुईकोट पाहिला तरी हे पटेल. किल्ला खोलगट जागेत बसलेला आहे आणि भोवताली उंचवटे आहेत. आतल्यांना दूरवरची फौज दिसावी आणि येणाऱ्याला किल्ला जवळ येईपर्यंत दिसू नये, अशी ती जागा. मलिक अंबरच्या काळात या गावाला अंबरपूर नाव पडलं होतं. त्याच्या घोडेस्वारांना हा उंचसखलपणा आपल्यापेक्षा चांगला कळला असणार.

खरा घाट मात्र वाऱ्याचा. जून ते सप्टेंबर वारा पश्चिमेकडून वाहतो, आणि तुळजापूर औशाच्या पश्चिमेला, किंचित दक्षिणेकडे कललेलं आहे. श्रावणात हौसेनं तुळजापूरला निघालेल्या ग्रुपला पन्नास-पंचावन्न किलोमीटर वारा छातीवर घ्यावा लागतो. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. त्यामुळे समोरचा वारा जरा वाढला तरी तोच वेग टिकवायला कितीतरी जास्त दम लागतो. हिवाळ्यात वारा फिरतो आणि पूर्व-ईशान्येकडून येतो. म्हणून जुनी सायकलवाली मंडळी एक साधा नियम पाळतात : जाताना वारा समोरून, येताना पाठीशी. ताजे पाय वाऱ्याशी भांडतात आणि थकलेले पाय त्याच्या भरवशावर घरी येतात.

ग्रुपचा खरा उपयोगही इथेच. पुढच्या सायकलच्या आडोशाला राहिलं की मागच्याचे कष्ट पाव हिश्श्यानं, कधी त्याहूनही जास्त कमी होतात. पण त्यासाठी पुढचा माणूस दर पाच-दहा मिनिटांनी बदलावा लागतो. पुढच्या चाकाला चाक खेटवणं हे सरावलेल्यांचं काम आहे. नवख्यानं एका सायकलचं अंतर राखावं, कारण पुढच्यानं खड्डा चुकवला की तो खड्डा आपलाच.

"ग्रुप राइड म्हणजे शर्यत"

हा गैरसमज बाहेरच्यांचा नाही, आतल्यांचा आहे. मोबाइलवर वेग दिसायला लागल्यापासून तर तो फोफावलाय. जगभर लांब पल्ल्याच्या सायकल भ्रमंतीचा जो प्रकार सर्वांत जास्त मानला जातो तो म्हणजे ब्रेव्हे. त्याचा कारभार पॅरिसचा ऑडॅक्स क्लब पाहतो, भारतात ऑडॅक्स इंडिया. त्यातली वेळेची मर्यादा अशी : 200 किलोमीटरला साडेतेरा तास, 300 ला 20 तास, 400 ला 27 आणि 600 ला 40 तास. हिशेब केला तर 200 किलोमीटरला थांबे, जेवण, पंक्चर सगळं धरून ताशी पंधराच्या आसपासचा वेग पुरतो. निकालात पहिला-दुसरा नसतो. वेळेत पोचलेले सगळे सारखे. शर्यती वेगळ्या. नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी 2015 मध्ये अमेरिका आरपार करणारी 'रेस अक्रॉस अमेरिका' दोघांच्या संघानं पुरी केली. ती रेस होती आणि तिच्यामागे मदतीची गाडी होती. रविवारच्या औसा-किल्लारी फेरीला त्यातलं काही लागत नाही.

ग्रुपचा वेग म्हणजे शेवटच्याचा वेग. हे सगळे मानतात, पाळणारे थोडे. बहुतेक ग्रुपमध्ये सगळ्यांत दमदार गडी पुढे आणि सगळ्यांत नवखा शेवटी, एकटा. नेमकं उलटं हवं. शेवटी राहणारा माणूस अनुभवी असावा. पंप, जादा ट्यूब आणि टायर काढायच्या पट्ट्या त्याच्याकडे असाव्यात. पुढे गेलेल्यांनी प्रत्येक पाटीवर थांबावं. वळण घेताना मागचा दिसेपर्यंत हलूच नये, कारण आपल्याकडच्या पाट्यांवर गावाचं नाव असतं, बाण असेलच असं नाही.

"महागडी सायकल लागते" आणि "गुडघे झिजतात"

15 ऑक्टोबर 1923 रोजी मुंबईहून सहा पारशी तरुण सायकलवर जगप्रवासाला निघाले. त्यातले आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगरा हे तिघे 18 मार्च 1928 रोजी परत मुंबईत आले, सुमारे 71 हजार किलोमीटर तुडवून. त्यांच्या सायकलींना आजच्यासारखे गिअर नव्हते. 2018 मध्ये पुण्याजवळच्या निगडीची वेदांगी कुलकर्णी एकटीनं 29 हजार किलोमीटर फिरून आली, तिच्याकडे अर्थातच चांगली सायकल होती. महागड्या सायकलनं अंतर सोपं होतं, पण नव्यानं सुरू करणाऱ्याचं तिच्यावाचून अडत नाही. आणि ग्रुप राइड हा शहरी थाट वाटत असेल, तर शाळा सुटायच्या वेळी एखाद्या फाट्यावर उभं राहावं. राज्याच्या मानव विकास कार्यक्रमातून मागास तालुक्यांतल्या आठवी ते बारावीच्या मुलींना सायकली मिळतात. चेनकव्हर लावलेल्या त्या सायकलींवरून दप्तरं सांभाळत, एकमेकींसाठी थांबत जाणाऱ्या मुली ग्रुप राइडचे सगळे नियम पाळतात. त्यांना ते कुणी शिकवलेले नसतात.

गुडघ्यांचं म्हणाल, तर सायकलवर शरीराचा भार सीट पेलते. धावण्यातले हादरे इथे नाहीत. दुखतं ते बहुतेकदा सीट फार खाली ठेवल्यानं. आपल्याकडे सीटवर बसून दोन्ही पाय जमिनीला टेकले पाहिजेत असा दंडक आहे. त्या उंचीला पायडल मारताना गुडघा पुरता उघडतच नाही, आणि पन्नास किलोमीटरनंतर तो कुरकुरणारच. टाच पायडलवर ठेवावी, पायडल सगळ्यांत खाली न्यावं. पाय सरळ झाला पाहिजे. मग चवडा पायडलवर आणला, की गुडघ्यात हवा तेवढाच बाक उरतो. थांबताना सीटवरून पुढे उतरायचं. ही सवय दोन दिवसांत होते. ज्यांचा गुडघा आधीच दुखावलेला आहे त्यांनी मात्र डॉक्टरांनाच विचारावं, ग्रुपला नको.

"पावसाळ्यात शिवारातून जायची मजाच और"

मजा आहेच. ऑगस्टात सोयाबीन गुडघ्याएवढं झालेलं असतं, तुरीच्या ओळी वर डोकावत असतात. पर्जन्यछायेतला भाग असल्यानं कोकणासारखी धार लागून राहत नाही, उघडीप मिळते. गैरसमज आहे तो डांबरी रस्ता सोडून पांदीनं जाण्याबद्दल.

काळी जमीन भिजली की काय होतं ते एकदा बघावंच. पहिल्या दहा फुटांत टायरवर मातीचा थर बसतो. तो थर पुढची माती ओढून घेतो, मातीत तुराट्या आणि गवत मिसळतं. मडगार्ड आणि टायर यांच्यातली बोटभर फट गच्च भरते, ब्रेकच्या खाचा भरतात आणि चाक फिरायचं थांबतं. ढकलायला गेलात तर चाक घसरत येतं, फिरत नाही. उचलून घ्यावी तर दहा-बारा किलोची सायकल दुप्पट जड झालेली. बुटांचे तळ वेगळे वाढलेले. या मातीतली चिकणमाती पाणी पिऊन फुगते आणि वाळली की भेगाळते. तिच्या जिवावर कापूस-ज्वारी पिकली, पण चाकाला ती वैरीणच. मडगार्ड काढून टाका, हा उपाय थोडाच चालतो. खरा उपाय एकच : दोन दिवस कडक ऊन पडल्याशिवाय पांदीत शिरायचं नाही. आणि अडकलातच तर पाण्यानं धुण्याआधी काडीनं खरवडा. रेती-मुरमाच्या रस्त्याला ही भानगड नाही, तिथे घसरण्याची आहे.

उन्हाळ्यात तीच पांद कोरडी ठणठणीत, पण बाभळीच्या काट्यांनी भरलेली. एका राइडमध्ये तिघांचे पंक्चर निघणं ही नवलाची गोष्ट नाही. बारीक टायर म्हणजे जास्त वेग हेही गुळगुळीत रस्त्यापुरतंच. आपल्या जिल्हा मार्गांवर जरा रुंद टायर आणि जरा कमी हवा हेच बरं. सायकल उडत नाही आणि हातही बधिर होत नाहीत.

"समोरून येणारी गाडी दिसते, म्हणून उजवीकडून चालवावी"

हा नियम फुटपाथ नसलेल्या रस्त्यानं पायी जाणाऱ्यासाठी ठीक. सायकल हे वाहन आहे. तिची बाजू डावी. उजवीकडून गेलात तर समोरच्या गाडीचा आणि तुमचा वेग एकमेकांत मिळतो आणि सावरायला दोघांनाही वेळ उरत नाही. तुळजापूर-औसा-लातूर-नांदेड हा 361 क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग रुंद झाल्यापासून कडेची पट्टी सायकलला सोयीची वाटते. पण त्याच पट्टीनं उलट्या दिशेनं मोटारसायकली येतात, हे गृहीत धरूनच चालवावं. महामार्गावर एकामागं एक. गावच्या मोकळ्या रस्त्यावर दोघं गप्पा मारत जोडीनं गेले तर हरकत नाही, मागून हॉर्न ऐकू आला की लगेच एका रांगेत.

सगळ्यात मोठा धोका ट्रकचा, असं नवख्यांना वाटतं. गाळप हंगामात बेलकुंडच्या कारखान्याकडे जाणारा रस्ता पहाटे पाहिला तर मत बदलेल. उसानं शिगोशीग भरलेल्या दोन-दोन ट्रॉल्या एका ट्रॅक्टरला, मागे लाल दिवा नाही, रिफ्लेक्टर उसाच्या शेंड्याखाली झाकलेला आणि मोळ्या दोन्ही बाजूंनी बाहेर आलेल्या. अंधारात ही ट्रॉली दिसते तेव्हा हातभर अंतरावर असते. नोव्हेंबर ते मार्च तांबडं फुटल्याशिवाय तिकडे वळू नये, आणि आपल्या सायकलला मागचा लाल दिवा लावल्याशिवाय तर कधीच नाही.

"कुत्रं मागं लागलं की जोरात पळवा"

पळणाऱ्याच्या मागे लागणं हा कुत्र्याचा स्वभाव. वेग कमी करा, उतरा, सायकल मधे धरा, आवाज चढवा. बहुतेक कुत्री माघार घेतात. ग्रुपमधल्या एकानं पळ काढला तर मागचा सापडतो, म्हणून सगळ्यांनी मिळूनच थांबायचं. चावलंच तर जखमेवर मिरची, हळद, चुना काही लावायचं नाही. वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठायचा. पोटात चौदा इंजेक्शनं हा प्रकार कधीच मागे पडला. आता दंडात चार-पाच डोस ठरलेल्या दिवशी घेतात. जखम खोल असेल तर जखमेतही औषध द्यावं लागतं. एकही डोस बुडवायचा नाही.

"इकडं बघायला आहे काय?"

हे म्हणणारे इथलेच असतात. औशाहून निलंग्याच्या दिशेनं गेलं की खरोशाची लेणी आहेत, जांभ्या दगडात कोरलेली. ती सहाव्या शतकातली मानली जातात. वेरूळच्या बेसाल्टची सवय झालेल्या नजरेला हा सच्छिद्र, झिजत चाललेला दगड आधी ओबडधोबड वाटतो. सकाळी तिरपं ऊन असताना गेलं तर मूर्ती उठून दिसतात.

दक्षिणेला पंचवीसेक किलोमीटरवर किल्लारी. 30 सप्टेंबर 1993, पहाटे 3 वाजून 56 मिनिटं, गणेश विसर्जनानंतरची रात्र. भूकंपात सुमारे दहा हजार माणसं गेली. एवढी माणसं नुसत्या धक्क्यानं गेली असं अनेकांना वाटतं. 6.2 रिश्टरच्या आसपासचा हा भूकंप जगाच्या मानानं मध्यमच. जीव घेतले ते माळवदांच्या दीड-दोन हात जाड, गोटे आणि मातीच्या भिंतींनी. उन्हाळ्यात गारवा देणाऱ्या त्याच भिंती झोपेत अंगावर आल्या. मोटारीतून जाताना या भागातली नवी गावं सगळी सारखी वाटतात. सायकलच्या वेगानं गेलं की रुंद, काटकोनातले रस्ते आणि सुटी सुटी घरं ध्यानात येतात, आणि ती तशी का, हेही. तिथल्या स्मृतिस्थळावर ग्रुप फोटोची घाई करू नये, एवढं सांगावं लागू नये; पण सांगावं लागतं.

"तहान लागली की पाणी प्यायचं, भूक लागली की खायचं"

दोन्हीला तोवर उशीर झालेला असतो. उन्हात दर पंधरा-वीस मिनिटांनी दोन घोट. नुसतं पाणी ढसाढसा पिणंही वाईट, कारण घामातून मीठ जातं. ओआरएसची मोठी पुडी एक लिटर पाण्यासाठी असते. ती ग्लासभर पाण्यात ढवळून एका दमात पिणारे पुष्कळ आहेत. त्यानं मीठ प्रमाणाबाहेर होतं आणि उलटी येते. पुडी नसेल तर लिटरभर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीपार असतो, तेव्हा नऊच्या आत घर गाठावं हे उत्तम.

दीड तासाहून लांब राइड असेल तर तासाला तीस ते साठ ग्रॅम कर्बोदकं लागतात. दोन मध्यम केळ्यांत पन्नासेक ग्रॅम मिळतात. गूळ-शेंगदाणे असले की पाकिटातल्या विदेशी एनर्जी जेलवाचून आपलं अडत नाही. निघण्याआधी चुरमुऱ्यांची सुशीला हलकी पडते आणि पुरते. निलंगा राईस तिखटजाळ शेंगदाण्याच्या चटणीसकट हाणून लगेच सायकलवर बसणाऱ्याला पुढचे दहा किलोमीटर ढेकर मोजावे लागतात. तो परतल्यावरच खावा. तुळजापूरच्या वाटेवर उजनीला बासुंदी ठरलेली. जाताना खाल्ली तर पोट जड होतं, येताना खावी. पण हिवाळ्यात परतीचा वारा समोरून असतो आणि औसा तिथून अजून वीस-पंचवीस किलोमीटर आहे, तेव्हा एकच वाटी.