पाठमोरे वादक

आयर्लंडच्या काउंटी क्लेअरमधल्या मिलटाउन मॅलबे गावात जुलैच्या सुरुवातीला कुठल्याही पबात शिरलं की आधी दिसतात त्या वादकांच्या पाठी. कोपऱ्यातल्या टेबलाभोवती खुर्च्या जवळ ओढून आठ-दहा जण एकमेकांकडे तोंड करून बसलेले असतात. टेबलावर ग्लास, चहाचे कप, फिडलच्या गजाला लावायच्या राळेची डबी. मंच नाही, माइक नाही, आज काय वाजणार हे आधी कुणाला ठाऊक नाही. वाजवणं थांबलं की आसपासचे लोक टाळ्या वाजवतात, पण तोवर टेबलावर त्या ट्यूनबद्दल बोलणं सुरू झालेलं असतं. मैफलीत कलाकार समोर बघतो, दाद घेतो आणि त्या दादेवर त्याला पुढची जागा सुचते. या सवयीतून आलेल्या मला हे पाठमोरेपण सुरुवातीला कोरडं वाटलं. खिडकीच्या कट्ट्यावर जागा मिळवून तासभर बसल्यावर कळलं की खरे श्रोते त्या टेबलाभोवतीच आहेत. सेशनमध्ये, म्हणजे अशा बैठकीत, जो वाजवतो त्यालाच सगळ्यात जास्त ऐकावं लागतं.

सुरुवात अगदी साधेपणाने होते. कुणीतरी एक जण, बहुधा मधल्या खुर्चीतली फिडलवाली किंवा अ‍ॅकॉर्डियनवाला, दोन-चार स्वर वाजवतो. बाकीचे ट्यून ओळखतात आणि एकेक करून आत शिरतात. ट्यूनची बांधणी ठरलेली असते. आठ मात्राखंडांचा पहिला भाग दोनदा, मग तेवढाच दुसरा भाग दोनदा. असे बत्तीस खंड झाले की एक फेरी पूर्ण. रील प्रकारची ट्यून असेल तर या फेरीला अर्ध्या मिनिटाहून थोडाच जास्त वेळ लागतो. फेरी सहसा तीनदा होते आणि मग न थांबता दुसऱ्या ट्यूनमध्ये उडी. ही उडी बघण्यासारखी असते. सुरुवात करणारी मान वर करते, भुवई उचलते, कधी ‘हप!’ असा आवाज देते, आणि पुढच्या क्षणी सगळं टेबल वेगळ्या पट्टीत गेलेलं असतं. गिटार किंवा बुझुकीवर साथ करणाऱ्याचे डोळे तिच्या बोटांवरून हलत नाहीत, कारण डी मधून ए मध्ये जायचं की जी मध्ये, हे त्याला तिथेच समजायचं असतं.

चार-चारच्या चालीचा रील सगळ्यात जास्त वाजतो. तीन-तीनच्या दोन गटांत डुलणारी जिग असते, जरा ठसक्याचा हॉर्नपाइप असतो. केरी आणि कॉर्कच्या सीमेवरच्या स्लीव्ह लुआखरा भागातले लोक टेबलाशी आले की पोल्का आणि स्लाइड सुरू होतात आणि पबातले पाय आपोआप हलू लागतात. क्लेअरवाल्यांना घाई आवडत नाही. त्यांच्या रीलला श्वास घ्यायला जागा असते, आणि मला विचाराल तर या संगीताचं मर्म त्या संथपणातच जास्त उघडं होतं. वेग वाढला की सगळ्यांची ट्यून सारखीच ऐकू येते. वेग आवरला की माणसागणिक वेगळी.

सगळे एकच ट्यून, एकाच वेळी वाजवतात. वेगवेगळ्या स्वरावली एकमेकींवर रचण्याची पद्धत जुन्या वादनात नाही. तरीही कान लावला की फिडलवाली एका लांब स्वराभोवती गजाने गिरकी घेताना ऐकू येते, त्याच जागी बासरीवाला स्वर तोडून पुन्हा उचलतो, आणि कॉन्सर्टिनावर त्या जागेचे दोन छोटे स्वर होतात. दुसऱ्या फेरीत त्याच जागी तिघेही काहीतरी निराळं करतात. कागदावर लिहिलेली ट्यून हा नुसता सांगाडा. शिकागोचे पोलीसप्रमुख फ्रान्सिस ओ’नील यांनी 1903 साली 1850 ट्यूनांचा जाडजूड संग्रह छापला. ते मूळचे कॉर्कचे, तरुणपणी देश सोडून गेलेले. शिकागोत आलेल्या देशबांधवांकडून त्यांनी ट्यून गोळा केल्या, आणि त्या लिहून काढायला त्यांच्याच आडनावाचे पोलीस खात्यातले सहकारी जेम्स ओ’नील मदतीला होते. त्या पुस्तकाने शेकडो ट्यून वाचवल्या, हे त्याचे मोठेच उपकार. पण पुस्तकातून ट्यून शिकून आलेला माणूस टेबलाशी बसला की दोन फेऱ्यांत ओळखू येतो. तिसरी फेरीही तो पहिलीसारखीच वाजवतो.

बाउरॉन म्हणजे बकरीच्या कातड्याने मढवलेली मोठी गोल चौकट. एका हाताने कातडं आतून दाबत दुसऱ्या हातातल्या छोट्या काठीने वाजवतात. एका टेबलावर एकच बाउरॉन असावा, हा सगळीकडचा अलिखित नियम. 1960 च्या दशकात संगीतकार शॉन ओ रियादा यांनी या वाद्याला मानाची जागा दिली. त्याआधी ते मुख्यतः नाताळच्या दुसऱ्या दिवशी घरोघर फिरणाऱ्या रेन-बॉइजच्या हातात दिसायचं. एका संध्याकाळी दुसरा बाउरॉनवाला आला, वाद्य पिशवीतून काढलं आणि मांडीवर तसंच ठेवून बसून राहिला. बऱ्याच वेळाने पहिल्याने मान हलवली, तेव्हाच याने काठी हातात घेतली. कुणी काही बोललं नाही. गायक उभा राहिला की नियम आणखी कडक होतात. कुजबुज करणाऱ्यांना बारमागचा माणूसच शांत करतो.

जुलैत वादक हे गाव निवडतात ते विली क्लॅन्सी या पाइपवादकासाठी. इलन पाइप्स तोंडाने फुंकत नाहीत. उजव्या कोपराखाली भाता असतो, डाव्या काखेत हवेची पिशवी. बोटं चँटरवर, म्हणजे ट्यून वाजवायच्या नळीवर. तीन ड्रोन अखंड आधारस्वर देतात, आणि उजव्या मनगटाच्या कडेने रेग्युलेटरच्या चाव्या दाबून मधूनमधून स्वरांची जुळणी भरायची. चँटरचं टोक मांडीवरच्या चामड्यावर टेकवून सगळी भोकं झाकली की त्याचा आवाज क्षणात बंद होतो, म्हणूनच या वाद्यावर बहुतेक इतर बॅगपाइपवर न जमणारे तुटक स्वर निघतात. पाइपवादक घडायला एकवीस वर्षं लागतात असं इथले लोक म्हणतात: सात शिकायला, सात सराव करायला, सात वाजवायला. वादकाला वाजवताना जवळून पाहिलं की हा आकडा फुगवलेला वाटत नाही.

क्लॅन्सी यांचा जन्म 1918 चा. त्यांचे वडील गिल्बर्ट यांच्या कानात गॅरेट बॅरी या आंधळ्या पाइपवादकाचं संगीत होतं. बॅरी 1899 साली गेले. विली यांच्यापर्यंत त्यांच्या ट्यून वडिलांकरवी पोचल्या. पुढे जॉनी डोरन या फिरस्त्या पाइपवादकाला ऐकून विलींनी पाइप्स हाती घेतले. सुतारकाम करत ते लंडनमध्ये राहिले, वडील वारल्यावर गावी परतले आणि जानेवारी 1973 मध्ये गेले. त्याच उन्हाळ्यात मित्रांनी त्यांच्या नावाने जुलैच्या सुरुवातीला इथे भरणारी उन्हाळी शाळा सुरू केली, आणि ती आज जगभरातून विद्यार्थी ओढते.

पबातलं सेशन फार जुनं असेल असं वाटतं. तसं ते नाही. पूर्वी हे संगीत शेतकऱ्यांच्या घरांत, फरशीवर नाचणाऱ्यांसाठी वाजायचं. 1935 च्या कायद्याने सार्वजनिक नृत्याला परवाना सक्तीचा केला, पाद्र्यांनी घरातल्या नाचांवरही तो उगारला, आणि क्लेअरमधली कितीतरी स्वयंपाकघरं गप्प झाली. महायुद्धानंतर पोटासाठी लंडनला गेलेल्यांकडे घर नव्हतं, भाड्याची खोली होती. म्हणून ते कॅम्डन टाउनसारख्या भागांतल्या पबांत जमून वाजवू लागले. ती रीत परत मायदेशी आली. 1951 मध्ये मलिंगरला पहिला फ्ला, म्हणजे संगीतमहोत्सव, भरला आणि दर वर्षी वादकांना एकत्र येण्याची जागा मिळाली. पबात येताना मात्र एक नुकसान झालं, त्याबद्दल फारसं बोललं जात नाही. क्लेअरमध्ये कॉन्सर्टिना घरोघर बायकांच्या हातात असायची, आणि त्या काळी पबात बायकांनी बसायची पद्धत नव्हती. किलरशच्या एलिझाबेथ क्रॉटी यांचा स्वतःचाच पब होता, म्हणून त्यांची कॉन्सर्टिना लोकांना ऐकू आली. बाकीच्यांची घरातच राहिली.

आज ते चित्र पार पालटलं आहे, हे सकाळच्या वर्गात दिसतं. शाळेच्या खोल्यांत, छोट्या मुलांच्या बाकांवर मोठी माणसं अवघडून बसलेली असतात आणि कॉन्सर्टिनाच्या वर्गात मुलीच जास्त. या वाद्याची एकच कळ भाता दाबताना एक स्वर देते आणि ओढताना दुसरा, त्यामुळे ट्यूनचा लहेजा हाताच्या दिशेतच ठरतो. शिक्षिका दोन खंड वाजवते, वर्ग परत वाजवतो, पुन्हा, पुन्हा. कागद कुणापुढेच नसतो. जेवणाच्या सुट्टीआधी ट्यून पूर्ण होते, पण ती ‘आली’ असं शिक्षिका म्हणत नाही. संध्याकाळी कुणाबरोबर तरी बसून वाजवा, एवढंच सांगते.

अशीच एक मुलगी, चौदा-पंधरा वर्षांची, रात्री दहाला, बाहेर अजून उजेड असताना, टेबलाच्या कडेच्या खुर्चीवर बसली होती. बराच वेळ ती फक्त इतरांमागून वाजवत होती. मग मधल्या खुर्चीतल्या म्हाताऱ्या फिडलवाल्याने तिच्याकडे वळून म्हटलं, “आता तू घे एखादी.” तिने एक जिग सुरू केली. टेबलावर ती कुणालाच येत नव्हती. पहिली फेरी ती एकटीच वाजवत होती आणि सगळे तिच्या हातांकडे झुकले होते. दुसऱ्या फेरीत बासरीवाल्याला पहिला भाग सापडला. तिसऱ्या फेरीत फिडलवाल्याने गज फारसा न दाबता तिच्या स्वराखालून साथ धरली आणि बॅन्जोवरही निम्मी ट्यून आली. तिने थांबायच्या ऐवजी चौथी फेरी घेतली, सगळ्यांसाठी. संपल्यावर फिडलवाल्याने ट्यूनचं नाव विचारलंच नाही. “कुणाकडून मिळाली?” एवढंच विचारलं. तिने आजीचं नाव सांगितलं. त्याने मान डोलावली, पहिला भाग हळू आवाजात पुन्हा एकदा वाजवून घेतला, एका जागी अडखळला, तिने कॉन्सर्टिनावर ती जागा दाखवली, आणि टेबलाच्या दुसऱ्या टोकाला अ‍ॅकॉर्डियनवाल्याने रील सुरू केला.