न्हाणीघर आणि स्वावलंबन

स्वावलंबन हा मोठा सद्गुण खरा. परंतु सद्गुणालाही देश, काल आणि पात्र यांचा विचार सुटत नाहीं. बागेंत माती उकरणें, फाटक्या पुस्तकाला पुठ्ठा बांधणें, खुर्चीचा हलणारा पाय ठोकून बसविणें या कामांत स्वावलंबन जितकें शोभून दिसतें, तितकेंच तें न्हाणीघराच्या फरशीखालीं हात घालूं लागलें म्हणजे गृहस्थाच्या, गृहिणीच्या आणि खालच्या मजल्यावरील बिऱ्हाडाच्याही अंगावर येतें.

ठाणें, कल्याण आणि डोंबिवली या आमच्या भागांत हा प्रश्न हल्लीं घरोघर उभा आहे. येथील पुष्कळशा तीन-चार मजली सोसायट्या १९७० ते १९९० या वीस वर्षांत बांधल्या गेल्या. त्यांचे नळ, त्यांच्या फरश्या आणि त्यांच्या मोऱ्या यांचें वार्धक्य आतां त्यांच्या मालकांच्या वार्धक्याबरोबरच सुरू झालें आहे. कारागीर वेळेवर मिळत नाहीं. मिळाला तर ठरल्या दिवशीं येत नाहीं. आला तर अर्धें काम टाकून दुसरीकडे जातो. उलट, भ्रमणध्वनीवर हव्या त्या कामाची चित्रफीत दहा मिनिटांत पाहावयास सांपडते. तींत एक हंसतमुख तरुण जुनी फरशी सहज उचकटतो, नवी सहज बसवितो आणि हात झटकून मोकळा होतो. तें पाहून निवृत्त गृहस्थास असें वाटूं लागतें कीं, एवढें सोपें काम असेल तर तें आपणच कां करूं नये? एका रविवारीं हातोडा आणि छिन्नी घरांत येते. पुढची कथा वाचकांपैकीं पुष्कळांस ठाऊक असेल.

न्हाणी हा शब्द

'न्हाणी' हा शब्द मोठा कुलीन आहे. संस्कृतांतील स्ना धातूपासून स्नान, प्राकृतांत त्याचें ण्हाण आणि मराठींत न्हाण, न्हाणें, न्हाणी अशी त्याची वंशावळ आहे. धातुपाठांत या धातूचा अर्थ शुचिता असाच दिला आहे. विशेष गंमत अशी कीं, न्हाणीच्या फरशींत बसविलेलें जें वाडग्यासारखें पात्र असतें, आणि ज्यांत दोन बोटें पाणी सदा राहून गटाराची घाण वर येऊं देत नाहीं, त्याला हिंदुस्थानभरचे नळकामाचे व्यापारी 'नहाणी ट्रॅप' असेंच म्हणतात. आपल्या घरगुती शब्दानें साऱ्या देशाच्या बाजारांत जागा मिळविली, ही अभिमानाची गोष्ट आहे.

पाणी अडविण्याची विद्याही आजची नव्हे. मोहेंजोदडो येथील महास्नानगृह चार हजार वर्षांहून अधिक जुनें आहे. सुमारें १२ मीटर लांब, ७ मीटर रुंद आणि अडीच मीटरांच्या आंतबाहेर खोल असा तो कुंड आहे. त्याच्या विटा काटेकोर सांधलेल्या असून पाणी झिरपूं नये म्हणून त्यांच्या मागें डांबराचा थर दिलेला आढळला. म्हणजे दिसतें तें काम विटेचें, परंतु पाणी अडवितो तो न दिसणारा थर, हें तत्त्व त्या प्राचीन गवंड्यांस पक्कें ठाऊक होतें. आमच्या स्वावलंबी गृहस्थांस नेमकें हेंच ठाऊक नसतें. ते फरशीचा रंग निवडण्यांत आठ दिवस घालवितात आणि फरशीखालच्या थराला आठ मिनिटेंही देत नाहींत.

अर्धा इंच म्हणजे किती?

पहिला अडथळा नळाचा. जुन्या इमारतींतील नळ जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडाचे आणि भिंतींत पुरलेले असतात. चाळीस वर्षांत त्यांचे आटे गंजून सांध्याशीं एकजीव झालेले असतात. हौशी मनुष्य जुना नळ काढावयास पान्हा लावून जोर करतो, आणि नळ बाहेर येण्याऐवजीं त्याचा आट्यांचा तुकडा आंतल्या सांध्यांतच मोडून राहतो. आतां भिंत फोडल्याशिवाय गति नाहीं. भिंत फोडावयाची तर पाणी बंद केलें पाहिजे. पाणी बंद करण्याची चावी गच्चीवरील टाकीपाशीं. आणि ती फिरविली म्हणजे त्या रांगेंतील सर्व मजल्यांचें पाणी जातें. आमच्याकडे सकाळीं सहा ते आठ ही वेळ म्हणजे सबंध इमारत लोकल गाडी गांठण्याच्या घाईंत असण्याची. त्या वेळीं बंद झालेलें पाणी शेजाऱ्यांच्या स्मरणांत वर्षभर राहतें. त्यांतून उन्हाळ्याची पाणीकपात असली म्हणजे 'आधींच उल्हास, त्यांत फाल्गुन मास' ही म्हण उल्हास नदीचें पाणी पिणाऱ्या कल्याण-डोंबिवलीकरांस दोन्ही अर्थांनीं पटते.

मग बाजारांतून अर्ध्या इंचाचा सांधा आणावयाचा. येथें गणिताच्या शिक्षकाचीही फसगत होईल. अर्ध्या इंची लोखंडी नळीच्या आट्यांचा बाहेरचा व्यास १२.७ मिलिमीटर नसून जवळजवळ २१ मिलिमीटर असतो. अर्धा इंच हें माप आंतल्या पोकळीचें, आणि तेंही स्थूलमानानें. हल्लीं गरम पाण्यासाठीं वापरतात त्या सीपीव्हीसीच्या अर्ध्या इंची नळीचा बाहेरचा व्यास मात्र सुमारें १६ मिलिमीटर भरतो. नांव एक, मापें दोन. आणि पहिलीचा सांधा आट्यांचा, तर दुसरीचा चिकटविण्याचा. दुकानांत तीन खेपा घातल्यावर हा भेद कळतो. गवंडी आणि सुतार यांच्या तोंडीं याशिवाय 'सूत' हें माप असतें, म्हणजे इंचाचा आठवा भाग. 'दोन सूत कमी पडतें' असें ते म्हणतात तेव्हां गृहस्थ मिलिमीटरची पट्टी हातांत घेऊन नुसता पाहत राहतो.

उताराची परीक्षा

दुसरा अडथळा उताराचा. न्हाणीघराची फरशी सपाट दिसावी, पण सपाट असूं नये. पाणी ट्रॅपकडे वाहून जाण्यास शंभर अंगुळांस एक अंगूळ तरी उतार लागतो. म्हणजे सहा फूट लांबीच्या न्हाणीस पाऊण इंचाच्या आसपास. हा उतार डोळ्यांस दिसत नाहीं, पण पाण्यास बरोबर समजतो. गवंडी ओळंबा, गुण्या, पाणसळ आणि पाणी भरलेली पारदर्शक नळी यांच्या साहाय्यानें तो साधतो. ओळंबा म्हणजे संस्कृतांतील अवलंब, लोंबणारें तें. इंग्रजींतील 'प्लंबर' हा शब्दही लॅटिनांतील शिसें या अर्थाच्या शब्दापासून निघाला आहे. हीं साधनें स्वस्त आहेत, परंतु त्यांमागचा हात स्वस्त नाहीं. आमच्या परिचयाच्या एका गृहस्थांनीं पंधरा दिवस खपून सुरेख निळी फरशी बसविली. पहिल्याच स्नानाचें पाणी ट्रॅपकडे न जातां थेट उंबऱ्याकडे निघालें. आतां त्यांच्या घरीं प्रत्येकाच्या स्नानानंतर खराट्यानें पाणी उलटें लोटावें लागतें. हें काम अर्थातच त्यांच्या पत्नीकडे आलें आहे.

तिसरा अडथळा काळाचा. सिमेंट वाळून घट्ट होतें असा सर्वत्र समज आहे. तो चुकीचा आहे. १८२४ सालीं जोसेफ ॲस्पडिन या इंग्रज गवंड्यानें पोर्टलंड सिमेंटाचें पेटंट घेतलें. त्या जातीचें सिमेंट पाण्याशीं संयोग पावून दगड बनतें. तें लवकर वाळलें तर कच्चें राहतें. म्हणून निदान सात दिवस त्यावर पाणी मारावें लागतें. त्यानंतर, फरशी बसविण्यापूर्वीं, ट्रॅपचें तोंड बंद करून न्हाणींत पाणी भरावें आणि दोन दिवस तसेंच ठेवून खालच्या घराचें छत पाहावें. शास्त्र असें सांगतें. परंतु ज्या घरांत न्हाणी एकच, माणसें पांच, आणि त्यांत एक शाळेचा व दोन कचेरीचे, तेथें नऊ दिवस स्नान कोठें करावयाचें? चौथ्या दिवशीं कोणी तरी 'आज एवढ्यापुरतें' म्हणून तांब्या घेऊन आंत शिरतें, आणि शास्त्र संपतें.

ओझ्याचा हिशेब

इथपर्यंतचे त्रास हंसण्यावारीं नेण्याजोगे आहेत. यापुढचा नाहीं.

वरच्या मजल्यावरील न्हाणीचा स्लॅब पुष्कळदा बाजूच्या खोलीच्या स्लॅबपेक्षां फूटभर खालीं सोडलेला असतो. त्या खळग्यांत नळ्या घालून वर विटांच्या तुकड्यांचा कोबा भरतात. चार फूट रुंद आणि सहा फूट लांब अशी लहानशी न्हाणी धरली तरी हा फूटभर कोबा दोन तृतीयांश घनमीटर भरतो. त्याचें वजन सुमारें बाराशें किलो, म्हणजे वीस माणसांइतकें. तीस किलोंची एक गोणी धरली तर चाळीस गोण्या झाल्या. त्या जिन्यावरून खालीं नेण्याचा कंटाळा येतो. म्हणून राडारोडा शेजारच्या खोलींत एका कोपऱ्यांत रचून ठेवतात, आणि त्याच्याच शेजारीं नवी वाळू, सिमेंट आणि फरशीचीं खोकीं येऊन पडतात. राहत्या घराच्या स्लॅबनें दर चौरस मीटरास साधारण दोनशें किलो चालतें-फिरतें ओझें पेलावें, असा भारतीय मानकांचा हिशेब आहे. बाराशें किलोंचा ढीग दोन चौरस मीटरांवर रचला तर तें ओझें तिप्पट होतें. वर्षानुवर्षें झिरपलेल्या पाण्यानें ज्या स्लॅबांतील सळ्या आधींच गंजून फुगल्या आहेत, त्यावर हें तिप्पट ओझें आणि वरून हातोड्याचे घाव!

ही कल्पनेंतील भीति नव्हे. २० मे २०२५ रोजीं कल्याण पूर्वेस सप्तशृंगी नांवाच्या चार मजली इमारतींत वरचा स्लॅब कोसळून खालच्या मजल्यांवर आला आणि सहा जण मृत्युमुखीं पडले. इमारतींतील चौथ्या मजल्यावरच्या एका घरांत त्या वेळीं फरशीचें काम चालूं होतें. खालच्या घरांतील माणसांनीं कोणता अपराध केला होता? त्यांना ना फरशी निवडावयाची होती, ना हातोडा चालवावयाचा होता. आपलें घर आपल्या मालकीचें असलें तरी आपली जमीन ही दुसऱ्याचें छत असते, ही गोष्ट वाड्यांतून आणि बैठ्या चाळींतून इमारतींत आलेल्या आपल्या समाजाच्या अंगीं अजून मुरलेली नाहीं. सोसायटीच्या उपविधींत घरांतील फेरफारास कमिटीची पूर्वपरवानगी लागते. ती तांत्रिक कटकट म्हणून टाळण्याजोगी नाहीं. महानगरपालिका पावसाळ्यापूर्वीं धोकादायक इमारतींच्या याद्या काढतात. त्या यादींत आपल्या इमारतीचें नांव असेल तर हातोडा उचलण्यापूर्वीं संरचना-अभियंत्यास बोलवावें.

हात कोठें घालावा?

याचा अर्थ गृहस्थानें हात बांधून बसावें असा मुळींच नाहीं. निदान करणें हें स्वावलंबनाचें पहिलें आणि उत्तम काम आहे, आणि त्याला पान्हा लागत नाहीं. खालच्या घरांत ओल आली तर प्रथम ती केव्हां येते हें पाहावें. केवळ पावसाळ्यांत येत असेल तर बाहेरची भिंत पाहावी. बाराही महिने येत असेल तर न्हाणी. कोणी स्नान न करतांही दिवसरात्र ठिबकत असेल तर भरलेल्या नळाची गळती समजावी. स्नानानंतरच ठिबकत असेल तर ट्रॅपचा सांधा किंवा फरशीच्या फटी. एवढें टिपण करून कारागिरापुढें ठेवलें तर सबंध न्हाणी खणण्याचें काम पुष्कळदा एका सांध्यावर भागतें. हें टिपण खालच्या बिऱ्हाडाच्या सहकार्यावांचून होत नाहीं. म्हणून भांडण्यापूर्वीं दोघांनीं मिळून आठ दिवस वही ठेवावी. सोसायट्यांतील कितीतरी वैरें त्या वहींतच मिटतील.

नळाचा वॉशर बदलणें, ट्रॅपची जाळी काढून केस व साबणाचा गाळ साफ करणें, फुलाऱ्याचीं भोकें मोकळीं करणें, फरशीच्या उघडलेल्या फटी भरणें, वृद्धांसाठीं खडबडीत पट्टी चिकटविणें हीं कामें घरच्या माणसानें अवश्य करावीं. मुलांनाही जवळ बसवून शिकवावीं. त्यांत कमीपणा नाहीं. फरशी खणणें, भिंतींतील नळ, विजेचा गीझर आणि खांब-तुळई यांना मात्र हात लावूं नये. गॅसचा गीझर बंद न्हाणींत बसविणें तर प्राणाशीं खेळ आहे. त्यापासून निघणाऱ्या विषारी वायूस रंग नाहीं, वास नाहीं.

असो. आपल्या वर्गांत हातानें काम करणारास कमी लेखण्याची खोड जुनी आहे. ती सोडून आपण स्वतः हत्यार हातीं घेतलें हें चांगलेंच झालें. परंतु 'जेनुं काम तेनुं थाय' ही गुजराती म्हण आपण उगीच उसनी घेतलेली नाहीं. चार दिवस थापी धरून पाहिल्यावर गवंड्याच्या हातांतील पाणसळ काय किंमतीची आहे हें ज्याला कळलें, तो पुढच्या वेळीं त्याच्याशीं मजुरीसाठीं घासाघीस करणार नाहीं, त्याला चहा विचारील आणि त्यानें मागितलेले सात दिवस मुकाट्यानें देईल. तेवढें झालें तरी स्वावलंबनाच्या या वेडाचें बरेंचसें सार्थक झालें असें समजावें.