एकास बहात्तर

२६ सप्टेंबर २०२५ रोजी चंडीगडच्या तळावर मिग-२१ विमानांना निरोप देण्यात आला. १९६३ साली याच चंडीगडला त्यांचं पहिलं स्क्वाड्रन उभं राहिलं होतं. बासष्ट वर्षांची ही सेवा संपली तेव्हा संपादकांचा फोन आला. युद्धकथा सगळेच लिहितील, तुम्ही वेगळं काही बघा, असं त्यांचं म्हणणं होतं. म्हणून मी विमानच बांधायला घेतलं. प्लॅस्टिकचं, एकास बहात्तर प्रमाणाचं. खऱ्या मिग-२१ बिसच्या पंखांचा विस्तार ७.१५ मीटर. त्याला बहात्तरने भागलं की दहा सेंटिमीटरही उरत नाहीत. लांबी भरते वीतभर.

हे विमान मी जालन्यात बांधलं, आणि जालन्यात वजन टनावारी मोजतात. भट्ट्यांत भंगार वितळतं, त्याचे बिलेट पडतात, रोलिंग मिलमधून सळया निघतात आणि ट्रक भरून राज्यभर जातात. अशा गावात ग्रॅमभर वजनाच्या तुकड्याला चिमट्यात धरून बसणं हा रिकामटेकडा उद्योग वाटेल. मला तो तसा वाटत नाही. तुकडे नाजूक असले तरी ज्या साच्यातून ते निघतात तो पोलादाचाच असतो. पॉलिस्टायरीनचा दाणा दोनशे अंशांच्या वर तापवून पातळ करायचा, प्रचंड दाबाने डायमध्ये सोडायचा, थंड झाला की डाय उघडायची. रस ज्या वाटांनी आत गेला त्या वाटाही घट्ट होऊन बाहेर येतात. त्यांची चौकट होते आणि सुटे भाग तिलाच लटकलेले असतात. चौकटीला रनर म्हणतात. खोकं उघडलं की आधी तीच दिसते.

या छंदाचा अधिकृत इतिहास थोडक्यात सांगता येतो. १९३६ साली इंग्लंडमधल्या फ्रॉग कंपनीने जोडायच्या प्लॅस्टिक विमानांची मालिका काढली आणि तिला पेंग्विन हे नाव दिलं, कारण ती विमानं उडणारी नव्हती. एक इंच म्हणजे सहा फूट, या हिशेबातून एकास बहात्तर हे प्रमाण आलं. सहा फुटी माणूस त्यात इंचभर होतो. दुसऱ्या महायुद्धात आकाशातलं विमान आपलं की शत्रूचं हे ओळखायला शिकवण्यासाठी याच प्रमाणाची काळी प्रतिरूपं वापरली गेली. निकोलस कोव्ह यांनी १९३९ साली काढलेली एअरफिक्स कंपनी आधी हवा भरायची रबरी खेळणी आणि पुढे कंगवे बनवायची. १९५०च्या दशकात ती प्रतिरूपं जोडायच्या संचांकडे वळली आणि स्वस्त पिशव्यांतून ते घरोघरी पोचले.

मला मात्र इतिहासापेक्षा विमानाच्या नाकाने जास्त गुंतवलं.

मिग-२१च्या तोंडाशी हवा आत घेणारं गोल भोक असतं आणि त्याच्या मधोमध एक शंकू. खऱ्या विमानात हा शंकू वेगानुसार पुढे-मागे सरकायचा. ध्वनीपेक्षा जास्त वेगाने येणारी हवा इंजिनपर्यंत पोचण्याआधी मंदावावी, ही त्याची कामगिरी. पुढच्या आवृत्त्यांत रडारही त्याच शंकूत बसवलेलं होतं. प्रतिरूपात या शंकूवर आणखी एक जबाबदारी येते. विमान तीन चाकांवर उभं राहतं, एक नाकाखाली आणि दोन मागे. प्लॅस्टिकचा बहुतेक भार मागच्या दोन चाकांच्याही मागे पडतो. नाक जड केलं नाही तर पुढचं चाक उचललं जातं आणि विमान शेपटावर बसतं. म्हणून सूचनापत्रकात नाकात वजन भरा असं लिहिलेलं असतं. पण मिगचं नाक पोकळ! वजन मावतं ते शंकूत आणि कॉकपिटच्या आजूबाजूच्या सांदीत.

यावर सायकलच्या दुकानातले छर्रे कामी येतात. धडाचे दोन्ही अर्धे मास्किंग टेपने तात्पुरते बांधायचे, पंख तसेच अडकवायचे आणि मागची चाकं जिथे येणार तिथे आडवी पेन्सिल ठेवून विमान तिच्यावर तोलायचं. नाक खाली झुकेपर्यंत एकेक छर्रा वाढवायचा. वजन जितकं पुढे, तितकं कमी पुरतं. शाळेत शिकलेला तरफेचा नियम हातात येतो. मग थोडं जास्तीचंच भरायचं, कारण शेपटाचे बारीक भाग आणि रंग अजून चढायचे असतात.

हे सगळं धड बंद करण्याआधी. एकदा जोड बसला की परत उघडत नाही. लाकूड जोडणारा डिंक दोन पृष्ठभागांच्या मध्ये राहतो. इथलं पातळ द्रावण तसं नाही. ते प्लॅस्टिकच विरघळवतं, दोन्ही कडांचे रेणू एकमेकांत शिरतात, द्रावण उडून जातं आणि उरतो एकसंध तुकडा. खरं तर हे वेल्डिंगच आहे. म्हणून आधी कॉकपिट, त्याचा रंग, शंकू, वजन आणि शेवटी धड. क्रम चुकवून चालत नाही.

माझ्या मते या छंदातली विश्रांती इथेच आहे. काम सोपं असतं म्हणून मन शांत होतं, असं नाही. पुढची पायरी एकच असते आणि ती ठरलेली असते, म्हणून मन शांत होतं. दिवसभर दहा गोष्टी आपल्याला दहा दिशांना ओढतात. इथे जोड वाळेपर्यंत दुसरं काही करताच येत नाही, आणि थांबणं हासुद्धा कामाचाच भाग ठरतो. पाठीवरून जाणारी जोडाची रेघ वॉटर पेपरने पाणी लावून घासायची, उजेडात तिरकी धरून बघायची, खाच दिसली तर गाड्यांचे रंगारी वापरतात ती लांबी भरायची, पुन्हा घासायचं. बोटाला रेघ लागेनाशी झाली तरी डोळ्याला दिसते. रंगाचा पहिला हात मारला की राहिलेली चूक आपोआप उघडी पडते.

विश्रांतीचं हे आश्वासन जालन्याच्या हवेत मात्र सहज पाळलं जात नाही. एप्रिल-मेमध्ये पारा चाळीसच्या वर जातो. द्रावण कडा विरघळवण्याआधीच उडून जातं आणि ब्रशच्या टोकावर रंग सुकतो. रंग दुधासारखा पातळ ठेवावा लागतो आणि काम भल्या सकाळी उरकावं लागतं. पंखा लावला तर बारीक तुकडे उडतात, ओल्या रंगावर धूळ बसते. बंद ठेवला तर द्रावणाची वाफ खोलीत साठते, आणि ती छातीत जाणं चांगलं नाही. म्हणून खिडकी उघडी, पंखा बंद, घाम पुसत काम. पावसाळ्यात उलटी अडचण. हवेतल्या दमटपणामुळे वॉर्निशवर पांढुरकी झाक येते.

कॉकपिटवरच्या पारदर्शक काचेला फेविक्विक चालत नाही. त्याची वाफ काचेवर धुक्यासारखी गोठते आणि निघत नाही. तिथे आपलं फेविकॉल उत्तम. वाळल्यावर ते पारदर्शक होतं आणि जास्तीचं ओल्या बोटाने पुसता येतं.

त्यानंतर डेकल. बाहेर केशरी, मधे पांढरं, आत हिरवं असं हवाई दलाचं चक्र पातळ पापुद्र्यावर छापलेलं असतं. कोमट पाण्यात ठेवलं की कागदावरचा गोंद सुटतो आणि पापुद्रा पंखावर सरकवता येतो. बोअरच्या जड पाण्यातले क्षार मागे डाग ठेवतात. त्यावर गॅरेजमध्ये मिळणारं बॅटरीचं पाणी हा उपाय. पृष्ठभाग खरखरीत असेल तर पापुद्र्याखाली हवा अडकते आणि चक्राभोवती चंदेरी कडा चमकते. त्यासाठी आधी चकचकीत वॉर्निशचा हात द्यावा लागतो. चक्र पंखावर सपाट बसतं तेव्हा राखाडी प्लॅस्टिकच्या त्या तुकड्याला देश मिळतो.

सामान मिळवणं हे यापेक्षा अवघड. एनॅमल आणि लॅकर रंग ज्वलनशील, त्यामुळे कुरिअर ते विमानाने नेत नाही. पाण्यातले अ‍ॅक्रिलिक रंग त्या मानाने सहज येतात. संच परदेशी असेल तर किमतीवर वाहतूक आणि आयातकर चढतो. कुतूहल असलेल्या आठवीतल्या मुलाच्या आवाक्यात तो राहत नाही, आणि मला सगळ्यात जास्त काळजी या मुलाचीच वाटते. तरफ, गुरुत्वमध्य, प्रमाण, द्रावण हे सगळं एका खोक्यात असून ते त्याच्या हाती पडत नाही.

या सगळ्याच्या मुळाशी डाय आहे. पोलादात सूक्ष्म रेषा कोरून डाय बनवायला इतका खर्च येतो की हजारोंनी संच खपणार असतील तरच तो निघतो. त्यामुळे कोणत्या विमानाचं प्रतिरूप निघावं हे जिथे ग्राहक आहेत ते देश ठरवतात. आपल्याकडे कौशल्य नाही, असं कोणी म्हणू नये. गेल्या दशकात एअरफिक्सच्याच कितीतरी खोक्यांवर ‘मेड इन इंडिया’ असं छापून आलं आहे. जालन्यापासून साठ किलोमीटरवर, छत्रपती संभाजीनगरला, इंडो-जर्मन टूल रूम आहे. तिथे डाय आणि मोल्ड बनतात आणि तरुणांना ते काम शिकवलंही जातं. जालन्यातच सिरसवाडीला मुंबईच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेचा मराठवाडा परिसर आहे. दाणा, द्रावण आणि रंग या तिन्हींचं शास्त्र तिथल्या अभ्यासाच्या कक्षेतलं आहे.

हिंदुस्थान एरोनॉटिक्सने सहाशेहून अधिक मिग-२१ बांधली, आणि त्यांचं घर होतं नाशिकजवळचं ओझर. महाराष्ट्रात जोडल्या गेलेल्या या विमानाचं वीतभर प्रतिरूप जोडायला मला परदेशी खोकं मागवावं लागलं. साचा कापणारे हात जवळ आहेत, दाणा जाणणारी माणसं जवळ आहेत, खरं विमान बांधणारा कारखाना याच राज्यात आहे. कमी आहे ती मागणी. आणि ती मोठ्यांच्या आठवणींतून येणार नाही. शाळांच्या प्रयोगशाळांनी आणि आयटीआयच्या वर्गांनी हे संच मागितले, तरच डाय कापण्याचा खर्च कोणी अंगावर घेईल.