हादऱ्याच्या आधी रंगवायचा नकाशा

भूकंप कोणत्या दिवशी आणि किती वाजता होणार, हे आज कुणीही सांगू शकत नाही. पण अमुक एका गावची जमीन येत्या पन्नास वर्षांत किती जोराने हादरण्याची किती शक्यता आहे, याचा हिशेब करता येतो. राष्ट्रीय भूकंपधोका नकाशाकडून हाच हिशेब हवा असतो. आपला नकाशा मात्र दीर्घकाळ आपत्तीच्या मागून चालत आला. बिहारचा भूकंप १९३४चा, भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचा देशव्यापी नकाशा १९३५चा. पुढे भूकंपरोधक बांधकामाच्या भारतीय मानकाबरोबर १९६२मध्ये झोनचा नकाशा आला आणि १९६६मध्ये तो सुधारला. त्यात कोयनेचा परिसर कमी धोक्याचा होता. ११ डिसेंबर १९६७च्या पहाटे भूकंपाने कोयनानगर उद्ध्वस्त झाले आणि १९७०च्या नकाशात तोच परिसर एकदम झोन ४मध्ये गेला. मराठवाड्यातली किल्लारी तेव्हाच्या पाच झोनपैकी पहिल्या, म्हणजे सर्वांत निर्धोक समजल्या गेलेल्या झोनमध्येच राहिली. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे त्या परिसरात भूकंपाने आठ ते दहा हजार माणसे गेली. २००२मध्ये किल्लारीला झोन ३ मिळाला, आणि झोन १ नकाशावरून कायमचा निघाला.

जुने नकाशे प्रामुख्याने माहीत असलेल्या भूकंपांची तीव्रता कुठे किती जाणवली यावरून आखले गेले, हे नकाशा असा मागे राहण्याचे मूळ. दख्खनसारख्या भूभागात दोन मोठ्या धक्क्यांमध्ये हजारो वर्षे जाऊ शकतात. तिथे नोंद नसते, आणि नोंद नाही म्हणून धोका नाही असे गृहीत धरले जाते. १९६८मध्ये अमेरिकी अभियंते ॲलिन कॉर्नेल यांनी संभाव्यतेवर आधारलेली पद्धत मांडली, तिने हा प्रश्न वेगळ्या बाजूने हाताळला. परिसरातील सर्व ज्ञात भ्रंश (खडक ज्यांवर सरकतात त्या भेगा) आणि लहानमोठ्या भूकंपांची वारंवारता घ्यायची, अंतरागणिक कंप किती क्षीण होतो ते पाहायचे, आणि साऱ्या शक्यतांची बेरीज करायची. भ्रंश सापडला नाही तरी त्या टापूत मध्यम भूकंपाची काही शक्यता धरलीच जाते. उत्तर असे येते : अमुक तीव्रतेचा कंप ५० वर्षांत ओलांडला जाण्याची शक्यता १० टक्के, म्हणजे सरासरी ४७५ वर्षांतून एकदा. अमेरिकेचे राष्ट्रीय नकाशे १९७६पासून या रीतीने होत आले आहेत. आपल्या २००२च्या मानकातील झोनचे गुणांक (इमारतीसाठी कंपाचा किती जोर धरायचा ते आकडे), दुसऱ्या झोनला ०.१० पासून पाचव्याला ०.३६ पर्यंत, अशा कोणत्याही शक्यतेशी जोडलेले नव्हते. मला ही उणीव गंभीर वाटते, कारण किती जोखीम पत्करून आपण घर बांधतो आहोत हेच तिच्यामुळे कळत नाही.

या पद्धतीवरचा सर्वांत बोचरा आक्षेप जपानमधून आला. १९७९पासून तिथे दहा किंवा अधिक बळी घेणारे भूकंप नकाशाने तुलनेने कमी धोक्याच्या ठरवलेल्या जागीच झाले, असे भूकंपशास्त्रज्ञ रॉबर्ट गेलर यांनी २०११मध्ये दाखवून दिले. त्याच वर्षीच्या ९ मॅग्निट्यूडच्या तोहोकू भूकंपाएवढा मोठा भूकंप त्या किनाऱ्यासाठी नकाशाने धरलाच नव्हता. दहा टक्के शक्यतेची घटना कुठे ना कुठे घडणारच, हे उत्तर खरे असले तरी पुरेसे नाही. समुद्रतळाच्या भ्रंशाचे तुकडे वेगवेगळे तुटतील हे गृहीतक चुकले होते, आणि इसवी सन ८६९च्या त्सुनामीने आत वाहून आणलेली वाळू सेंडाईच्या मैदानात आधीच सापडलेली होती. पुरावा मातीत होता. नकाशात तो पोचला नव्हता. म्हणून हिशेब टाकून देण्याऐवजी त्यात जुन्या भूकंपांच्या खुणांचा अभ्यास घालायला हवा.

दुसरा आक्षेप आपल्या अधिक जवळचा आहे. नवा हिशेब मांडला तरी मराठवाड्याचा आकडा हिमालयापेक्षा खूप लहानच येणार. मग उपयोग काय? किल्लारीचा भूकंप सुमारे ६.२ मॅग्निट्यूडचा होता. एवढी माणसे गेली ती दगडमातीच्या जाड भिंती आणि त्यांवरच्या मातीच्या जड माळवदांखाली. कमी आकड्याच्या झोनमध्येही दारांवरून सलग फिरवलेला काँक्रीटचा पट्टा आणि भिंतीत आरपार बसवलेले दगड असते तर अनेक घरे टिकली असती. २६ जानेवारी २००१च्या भुज भूकंपात केंद्रापासून दोनशेहून अधिक किलोमीटर दूर, झोन ३मधल्या अहमदाबादेत, पार्किंगसाठी खालचा मजला उघडा ठेवलेल्या कित्येक इमारती कोसळल्या. त्या झोनसाठी नियम होते, ते बांधकामापर्यंत पोचले नव्हते. २००२च्या नकाशात मुंबई आणि पुणेही झोन ३मध्येच होती, आणि तिथेही असे उघडे मजले गल्लोगल्ली दिसतात. त्यांची तपासणी नव्या नकाशासाठी थांबवण्याचे काही कारण नाही.