आंकड्यांवरून गांवाचें नांव

आपला धनी कोठें आहे हें मोबाइल फोनला कळतें, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ती अर्धीच खरी होय. उपग्रहांच्या संदेशांवरून फोन काढतो ते केवळ दोन आंकडे : अक्षांश आणि रेखांश. रेवदंड्याच्या किनाऱ्यावर तो सुमारें १८.५५ उत्तर व ७२.९३ पूर्व इतकेंच सांगेल. 'रेवदंडा' हा शब्द उपग्रहास ठाऊक नसतो. आंकड्यांवरून नांव शोधणें हें काम निराळें असून तें बहुधा दूरच्या संगणकांतील नोंदींवर चालतें. अँड्रॉइड प्रणालींत त्यासाठीं 'जिओकोडर' नांवाची सोय आहे खरी. परंतु तिच्यामागील सेवा मूळ प्रणालीबरोबर येत नाहीं. ज्या फोनांत ती नसेल तेथें उत्तर म्हणून रिकामी यादी हातीं पडते.

जमिनीवर यानें फारसें अडत नाहीं. वाटेंत भेटेल त्यास विचारतां येतें. मुरूड-श्रीवर्धनच्या कोळ्याची गोष्ट वेगळी. किनारा दिसेनासा झाला कीं मोबाइलचें जाळेंही सुटतें. उपग्रहांचे आंकडे मात्र येतच राहतात. अशा वेळीं इंजिन बंद पडलें आणि वायरलेसवरून मदत मागतांना अक्षांशाच्या दशांशचिन्हापुढील पहिला आंकडा एकानें चुकला, तर नौका ११ किलोमीटर सरकते! नांवाच्या बाबतींत अशी चूक सहसा होत नाहीं.

उपाय तसा साधा आहे. ॲप रचणारानें रेवस, खांदेरी, अलिबाग, मुरूड, दिघी अशा ओळखीच्या ठिकाणांची यादी अक्षांश-रेखांशांसह ॲपमध्येंच ठेवावी, प्रत्येकाचें अंतर काढावें व सर्वांत जवळचें निवडावें. शेंदोनशें नांवांना जागा ती किती लागणार! मात्र येथें एक खांच आहे. अक्षांशाचा एक अंश सुमारें १११ किलोमीटरांचा असतो. रेखांशाचा अंश विषुववृत्तापासून दूर जावें तसा आखडत जातो व अलिबागच्या बाजूस १०५ च्या आसपास भरतो. म्हणून रेखांशांतील फरकास आधीं ०.९५ नें गुणावें लागतें.

दुसरी अडचण खाड्यांची. धरमतरच्या खाडीच्या एका तीरीं रेवस, दुसऱ्या तीरीं करंजा. कुंडलिकेच्या मुखाशीं रेवदंडा आणि समोर कोर्लई. एका तीरावर उभ्या असलेल्या माणसास पलीकडच्या गांवाचें नांव मिळण्याचा संभव असतो. दोन्ही तीरांवर एकेका गांवासाठीं चारपांच बिंदु नोंदल्यास ही चूक पुष्कळ कमी होते.

घरच्या यादीचा आणखी एक लाभ असा कीं, तींत लोकांच्या तोंडचीं नांवें घालतां येतात. खांदेरीस १९९८ सालीं कान्होजी आंग्रे यांचें नांव देण्यांत आलें. कोळी आजही खांदेरीच म्हणतो.

भर समुद्रांत मात्र नुसतें जवळचें नांव अपुरें पडतें. १९९९ सालीं स्थापन झालेली हैदराबादची 'इन्कॉइस' ही संस्था मासळीच्या संभाव्य जागा कळवितांना किनाऱ्यावरील ठिकाणापासून दिशा, अंतर व पाण्याची खोली सांगते. ॲपनेंही 'खांदेरीच्या पश्चिमेस २० किलोमीटर' असेंच सांगावें आणि खालीं मूळ आंकडे ठेवावेत. शोधास निघणाऱ्या तटरक्षक दलाला तेच लागतात.